श्रीरंजनीचं घर

१ एप्रिल, आवडी (चेन्नई)
आले एकदाची सासरी! लग्न सांगलीत, संसार इथे. श्रीहरीच्या कारखान्याचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, हवा भरपूर. इरुंगाट्टुकोट्टैला जाणारी माझ्या कंपनीची बस कोपऱ्यावरच मिळते; महिनाअखेर रजा संपली की रुजू. सासूबाई तंजावरकडच्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ, ऐकत राहावं असं. हॉलमध्ये श्रीरंजनीचा फोटो आहे. श्रीहरीची पहिली बायको, अग्निशमन दलात होती. गोदामाच्या आगीतून दोन कामगारांना बाहेर काढलं, तिसऱ्यासाठी परत आत गेली आणि छत कोसळलं. मी आपणहून फोटोला हार घातला. मन मोठं ठेवायचं ठरवलंय.

८ एप्रिल
सासूबाई मला तिच्या नावानं हाक मारतात, मग जीभ चावतात. शेजारीपाजारी मला 'श्रीरंजनीच्या घरातली' म्हणून ओळखतात. श्रीहरी कामाला निघताना आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे. जिवंत सवत असती तर कडाकडा भांडले असते. हिच्याशी कसं भांडू?

१४ एप्रिल
तमिळ नववर्ष, माझा इथला पहिला सण. पण आजच अग्निशमन सेवा दिन, म्हणून सगळे एग्मोरला, दलाच्या मुख्यालयात. बिगुल वाजला. पुष्पचक्र वाहायला श्रीहरीला पुढे बोलावलं, मी मागच्या रांगेत. तिच्या हाताखाली काम केलेला वेंकट हात जोडून म्हणाला, "नशीबवान आहात अक्का, त्यांच्या घरात राहता." घरी आल्यावर श्रीहरी ढसाढसा रडला. पायसम तसंच राहिलं. मी फोटो उतरवला आणि माळ्यावर टाकला.

१७ एप्रिल
दुपारी हॉलमध्ये बुटांचे ओले ठसे. काजळी मिसळलेले. मी किंचाळले. सासूबाईंनी निवांत फडकं आणून पुसले. म्हणाल्या, "तिचंच घर की. येईना का?"

१९ एप्रिल
आज ठसे बेडरूममध्ये. नवऱ्याला न्यायला येते ही, दुसरं काय! श्रीहरीला ठसे दाखवले. घाबरला नाही. हसला. किती मायेनं तिचं नाव घेतलं! माझं कधी असं —

२० एप्रिल
चुकले मी. ठसे त्याच्या बाजूला नाहीत. माझ्या उशाशी येऊन थांबतात. जळक्या रबराचा वास. माझ्याकडे काय काम तिचं?

२१ एप्रिल, दुपार
जिन्यातल्या मीटरना आग लागलीय. श्रीहरी कामावर, सासूबाई देवळात. दार तापलंय. फोन केला — गाडी निघालीय, खिडकीशी थांबा म्हणाले. तिथंच बसून लिहितेय —

धूर आत —

दार उघडलं. ती. हेल्मेटखाली चेहरा नाही, नुसता धूर. हात पुढे केलाय. "ये गं," म्हणते —

गाडीचा आवाज नाही अजून. श्वास —

धरला तर वाचेन. मग जन्मभर ऐकायचं, हिलाही तिनंच वाचवलं. श्रीहरी तिलाच —

नाही. तिचा हात मी नाही ध