रॉकेलचं वाण

लश्कर, ग्वाल्हेर
रथसप्तमी, १९४४

प्रिय बाबा,

‘तीर्थरूप’ लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं प्रिय. शुक्रवारी तुम्ही उज्जैनच्या दौऱ्यावरून परताल, तेव्हा बाड्याच्या चौकातला पानवालासुद्धा तुम्हाला ही बातमी सांगायला टपलेला असेल. ती आधी माझ्याकडून कळावी, एवढा मान अजून तुम्हाला देते.

तुम्ही दरबारच्या पुरवठा खात्यात साहेब झालात आणि रॉकेल कंपनीचे एजंट रघुनाथराव आपल्याकडे आंब्याची पेटी घेऊन येऊ लागले. आंब्यांमागून आईला शालू आला, शालूमागून माझ्यासाठी त्यांच्याच थोरल्या मुलाचं स्थळ. त्यांना सगळ्या लश्करची एजन्सी मिळाली, तुमचा हुंडा वाचला आणि माझी मॅट्रिक राहिली. तेव्हा मी मुकाट्यानं बोहल्यावर चढले.

आता लढाईमुळे बायका पाव बाटली रॉकेलसाठी उन्हात रांगा लावतात. आणि आमच्या तबेल्यात डब्यांची चळत छपराला टेकलेली! वाटेत गळून गेलं म्हणून तुम्हीच सही ठोकलेलं तेल ते. तेही मी गिळलं असतं. पण संक्रांतीला आई आनंदानं सांगत आली, की एजन्सीची मुदत संपतेय, ती तुम्ही वाढवून देणार आणि आपल्या धाकट्या पद्माची सुपारी माझ्या धाकट्या दिरांशी फुटली. पद्मा सोळा वर्षांची आहे, बाबा. यंदा तिची मॅट्रिक आहे. माझ्या जिवाचा संताप झाला.

काल सासूबाई आणि मामंजी आग्र्याला होते. मी हळदीकुंकू केलं आणि वाण लुटलं ते रॉकेलचं. तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातात एक भरलेली बाटली! बातमी फुटली तशा बायका कळशा घेऊन आल्या. तुमच्या मिनिस्टरसाहेबांच्या विजयाबाईंना मी स्वतः तबेला दाखवला. पदर नाकाला लावून त्या म्हणाल्या, “अगं, हे तर सारं गळून गेलं होतं ना? तुझ्या बाबांनी आमच्या साहेबांना असंच सांगितलं होतं!” मी त्यांना दोन बाटल्या दिल्या. खोटं कशाला सांगू, लग्नानंतर इतकी कधी हसले नव्हते.

मामंजी आज सकाळी परतले. एजन्सी गेली, तुमची खुर्चीही जाणार, म्हणून घर डोक्यावर घेतलं. तुमच्या घरची दुसरी मुलगी या उंबऱ्यात नको, असा निरोप त्यांनी आईकडे धाडला. तेवढ्यासाठीच मी हे सगळं केलं. मलाही घालवून दिलंय. ट्रंक टांग्यात चढली आहे आणि हे नेहमीसारखे खाली मान घालून उभे आहेत. शुक्रवारी आपल्या घरचं दार मीच उघडेन. साखरपुड्यासाठी रंगवून घेतलेल्या खोलीत पद्मा आणि मी अभ्यासाला बसणार आहोत. कंदिलाची काळजी करू नका. तुमच्या गळून गेलेल्या तेलाचा एक डबा बरोबर आणते आहे.

तुमचीच थोरली,
शामला