पिवळ्या रांगेत निळी

काशीद, सोमवार संध्याकाळ

काल लिहिलं की माझ्या रीलवर वहिनी चिडली. ते चूक होतं. ती हसली होती.

नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत आमच्या कोळीवाड्यातल्या बायका दरवर्षी एकाच रंगाची नवी साडी नेसतात; यंदा पिवळी ठरलीय. "एका दिवसासाठी कशाला, यंदा नवी घेऊ नका," असं मी रीलमध्ये सांगितलं. अनोळखी लोकांनी कौतुक केलं. वहिनी म्हणाली, "तू नेस गो जुनी. सगल्या पिवल्यात तू एकटीच निली!"

एकटीनं नाही चालायचं मला. त्या रांगेतच चालायचंय, त्यांच्याच रंगात. मग पिवळी घेऊ? आणि रीलचं काय?

पण गेल्या वर्षीची निळी तर सगळ्यांकडेच आहे. जगाला सांगितलं, घरात कुणाला विचारलंच नाही.

गुरुवारी वहिनी साड्या आणायला अलिबागला निघेल. त्याआधी, उद्या सकाळीच, फोन बाजूला ठेवून तिला विचारेन, यंदा सगळ्याच निळी नेसूया का.