बावीस कार्डं, सगळी दादावर

प्रिय दादास,

वाकून नमस्कार (कंबर दुखतेय, तरी पुरता वाकून). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. फक्त तुझ्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

त्याचं असं झालं. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत परवा 'दुर्लक्ष करणे' माझ्या टेबलावर आलं. त्याच अर्थाचे वाक्प्रचार जमवायचे, प्रत्येकाचं एक कार्ड करायचं आणि त्यावर एकेक वाक्य लिहायचं, एवढंच काम. कानाडोळा करणे, उडवून लावणे, भीक न घालणे, वाऱ्यावर सोडणे... मी भराभर लिहीत गेले (लिहिताना मी विचार करत नाही, हे तू लहानपणापासून म्हणतोसच) आणि गठ्ठा संपादकांना दिला. तासाभराने बोलावणं आलं. चष्मा नाकावर ओढून ते सगळ्यांदेखत वाचू लागले : 'भावाने माझ्या पाच पत्रांना केराची टोपली दाखवली.' 'दादा बहिणीला हिंग लावून विचारत नाही.' बावीस कार्डं, आणि बावीसही तुझ्यावर!

"बाई, हा कोश आहे की तुमच्या घरची तक्रारवही?"

सगळे हसले. मीही हसले. शेवटचं कार्ड मात्र त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. 'पोस्टमन दिसला की ती लक्ष नसल्यासारखं करते,' असं होतं त्यावर. ते माझ्या हातात ठेवून हळूच म्हणाले, "पुढच्या शनिवारची रजा टाका."

संध्याकाळी घरी आले आणि चहा केला. दोन कप भरले. दुसरा कुणासाठी, हे लक्षात येईपर्यंत दोन्ही निवले होते. आईच्या शिलाई मशीनवरून आपण भांडलो, त्याला दोन वर्षं झाली. 'तुझं तोंड बघणार नाही' असं म्हणाले ती मीच. पण दादा, बहिणीचं बोलणं कुणी इतकं मनावर घेतं का रे?

तुझी,
तोंडाळ बहीण

ता. क. मशीन तूच ठेव. मला सुईत दोरा कुठे ओवता येतो?

ता. क. २ : ती पाच पत्रं मी लिहिली खरी, पण पोस्टात टाकली नाहीत. तुझं एक आलं होतं, ते रागाने फोडलंच नव्हतं. आज फोडलं. 'कधी येतेस?' एवढंच लिहिलंयस.

ता. क. ३ : शनिवारी, दुपारच्या गाडीने. तुझ्या घराचा जिना कुठल्या बाजूने आहे, तेवढं कळव. मी एकदाही आलेले नाही.