एकाच दिवशी पाण्यात

पासिर रिस, सिंगापूर
५ मार्च २००६

श्रीमती शैलाताई कर्णिक, विहीणबाई यांस,
प्रमोदिनी जोगळेकर हिचा स. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं निशिकांतरावांकडून कळलं. पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणजे डॉक्टरांनी चाला म्हटलं तरी चालणार कुठे, हा प्रश्न उरतोच. तेव्हा तुमचा मुलगा तुम्हाला कायमचं इकडे या म्हणतो, त्यात वावगं काही नाही. तुम्ही मात्र दर रविवारी फोनवर विषय बदलता, असं ते म्हणाले. पत्रात तसा बदलता येत नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

माझा संकोच बाळगू नका. लेकीच्या घरी राहू नये म्हणतात, आणि मी तर आमचे हे गेल्यापासून दोन वर्षं इथे ठाण मांडून आहे. मुलाच्या घरावर पहिला हक्क त्याच्या आईचा. तुम्ही आलात की मी पुण्याला माझ्या घरी जाईन. आर्या आता आठ वर्षांची झाली, तिला माझी पूर्वीइतकी गरज नाही. मला तिची आहे, पण तो विषय वेगळा.

इकडची बातमी म्हणजे मासे. हॉलमध्ये टीव्ही होता तिथे निशिकांतरावांनी चार फुटी काचेची टाकी आणली आहे. पाणी खारं, तळाला समुद्रातले खडक, त्यांवर प्रवाळ. पहिला महिना तर नुसतं पाणीच फिरत ठेवलं होतं. रिकाम्या टाकीची झाली एवढी सेवा मी आमच्या गणपतीचीही पाहिली नाही. मग माशांची निवड सुरू झाली. कोण कुणाला खातो, कोण प्रवाळ कुरतडतो, कुणाचं कुणाशी पटतं, याचं पारायण रोज जेवणाच्या टेबलावर चालतं. सविता म्हणाली, स्वतःच्या लग्नात पत्रिकेकडे ढुंकून पाहिलं नाही आणि आता माशांचे गुण जुळवतोय.

नियम असा की गरीब स्वभावाचा मासा आधी सोडायचा आणि भांडखोर शेवटी, कारण आधी येतो तो जागा धरून बसतो. म्हणून आधी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश आले, मग पिवळा टँग. हा टँग जवळजवळ शाकाहारी आहे. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापडासारखा तुकडा काचेला चिमट्यानं लावून दिला की दिवसभर चरतो. ते काम माझ्याकडे आहे. तो एकटा राहतो हे मला बरं दिसेना. आपण समईसुद्धा जोडीनं घेतो. दुकानदार नको म्हणत होता, पण निशिकांतरावांनी सासूचा मान राखला. येत्या शनिवारी दुसरा पिवळा येईल.

कळावे. लोभ आहेच, तो इथे येऊन करावा ही विनंती.

आपली,
प्रमोदिनी जोगळेकर


ठाणे
२२ मार्च २००६

श्रीमती प्रमोदिनीताई, विहीणबाई यांस,
शैला कर्णिक हिचा स. न. वि. वि.

पत्र पोचलं. शाकाहारी विहीण माशांना भरवते आहे, हे मी शेजारच्या मीनलला मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्हा कायस्थांच्या घरात मासा आला की त्याची गाठ थेट आमसुलाशी. निशी लहानपणी कोलंबीच्या खिचडीसाठी रुसून बसायचा. आता तोच माशांना कोलंबी चारतो, यालाच माणूस सुधारला म्हणत असतील.

आता मुद्द्याचं. तुम्ही जाणार आणि मी येणार, असं असेल तर मी येणार नाही. नातीला तुमच्यापासून तोडून मी कुठल्या तोंडानं तिची वेणी घालू? आणि तुम्ही राहून मी यायचं, तर एका म्यानात दोन तलवारी. तुमच्या आमटीत गूळ, माझ्या डब्यात सोडे. दोघींनाही स्वयंपाकघर चालवायची सवय, दोघींनाही दुसरीचं चुकतं असं वाटायची खोड. तुम्ही ते बोलून दाखवणार नाही आणि मी दाखवीन, एवढाच फरक.

तेव्हा मी वेगळी सोय पाहिली आहे. माझा पुतण्या रवींद्र मला बदलापूरला घेऊन गेला होता. म्हाताऱ्यांसाठी एक घर आहे तिथे. खोली तळमजल्यावर, स्वच्छ, जेवणाची वेळ ठरलेली. शेजारच्या खोलीतल्या बाई मला पाहून हसल्या आणि लगेच माझं नाव विसरल्या. जूनअखेर त्यांना हो की नाही कळवायचं आहे. निशीला यातलं काही बोलू नका. शपथ घालत नाही, तुमच्यावर विश्वास टाकते.

बाकी क्षेम. लोभ दुरूनही टिकतो, तसा तो ठेवावा.

आपली,
शैला कर्णिक


पासिर रिस, सिंगापूर
१६ एप्रिल २००६

श्रीमती शैलाताई, विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

निशिकांतरावांना काही बोलले नाही, बोलणारही नाही. मात्र बदलापूरचा विचार मला पटलेला नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. जेवणाची वेळ ठरलेली असणं हा गुण आहे, कारण नव्हे.

इकडे माझ्या जोडीच्या हट्टाची फळं दिसली. दुसरा पिवळा पाण्यात पडला आणि पहिल्यानं त्याला उभं राहू दिलं नाही. या माशांच्या शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना नखाएवढा काटा असतो, एरवी तो मिटलेला. पहिला अंग वळवून तो काटा फिरवायचा आणि नव्याच्या अंगावर ओरखडा उमटायचा. क्लाउनफिशांशी त्याचं काही वाकडं नाही. त्यांचा रंग वेगळा, खाणं वेगळं. राग आहे तो फक्त आपल्यासारख्याच दिसणाऱ्यावर, आपलंच खाणं खाणाऱ्यावर. टाकी त्याची आहे अशी त्याची ठाम समजूत. नवा बिचारा वरच्या कोपऱ्यात पंपामागे लपून राहिला आणि खाईनासा झाला. शेवटी निशिकांतरावांनी त्याला काढून लहान टाकीत एकटं ठेवलं आहे. वाचेल असं वाटत नाही.

तुमचा गुडघा किती वाकतो ते कळवा. सविताला ऑफिसात बढती मिळाली, म्हणजे ती आता घरी आणखी उशिरा येते.

कळावे. लोभ कमी होऊ देऊ नये.

आपली,
प्रमोदिनी जोगळेकर


ठाणे
३० एप्रिल २००६

श्रीमती प्रमोदिनीताई यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. नव्या माशाची हकिगत दोनदा वाचली. इतक्या दुरून इतकी आठवण ठेवून सावध केलंत, आभारी आहे. मी शहाणी आहे, मला एवढं पुरतं. बदलापूरला होकार कळवते.

गुडघा बरा आहे. सविताचं अभिनंदन.

आपली,
शैला कर्णिक


सदाशिव पेठ, पुणे
४ जून २००६

श्रीमती शैलाताई, विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. तो अजून गेलेला नाही, पण आता अक्षर नीट येतं म्हणून लिहिते. माशाची बातमी ही माशाची बातमी होती. येऊ नका म्हणायचं असतं तर मी येऊ नका असंच लिहिलं असतं. मी पुण्याची आहे, मला त्यासाठी मासा मारायची गरज नाही.

मग पत्र बाजूला ठेवलं आणि वाटलं, मी मनात नसताना लिहिलं तेही खरंच होतं की. दोन वर्षांत त्या घरात कुठला डबा कुठे हे मी ठरवलं, देव कुठल्या भिंतीला हेही मीच. तुम्ही आला असतात तर मी तोंडानं या, बसा म्हटलं असतं आणि तुम्ही मिठाच्या डब्याची जागा बदललीत की संध्याकाळी तो गुपचूप परत जागेवर ठेवला असता. मी स्वतःला ओळखते.

तो मासा जगला. जखमा भरल्या, खाऊ लागला. निशिकांतरावांनी इंटरनेटवरच्या मत्स्यप्रेमी मंडळींना विचारलं, तर त्यांनी एक युक्ती सांगितली. जुन्या माशालाही टाकीतून बाहेर काढायचं. तो बाहेर असताना आतले सगळे खडक हलवायचे, एकही पूर्वीच्या जागी ठेवायचा नाही. मग दोघांना एकाच वेळी पाण्यात सोडायचं. जुना येतो तो त्याच्या घरी येतच नाही, त्यालाही सगळं नवंच असतं. वेसाक डेच्या, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेच्या, सुट्टीला हे काम काढलं. हॉलभर बादल्या, सविता प्रवाळ धरून उभी, आणि मी एका प्रवाळाला हात लावणार तोच आर्या तिकडच्या इंग्रजीत म्हणाली, आजी, कान्ट टच लाह. दोन्ही मासे सोडल्यावर पहिला दिवस थोडी झटापट झाली. आता एक डाव्या अंगाला राहतो, एक उजव्या. शेवाळाचे चिमटे मात्र दोन लावावे लागतात, दोन टोकांना. त्यांचं प्रेम नाही. पण दोघंही जेवतात आणि दोघंही उघड्यावर पोहतात.

पत्रावरचा पत्ता पाहिला असेलच. मी गेल्या रविवारी पुण्याला आले. येताना निशिकांतरावांना आणि सविताला सांगितलं की मी नसताना घर सगळं फिरवा. माझी खोली आर्याला द्या. तिची मोठी खोली आम्हा दोघींना, खाटा तुम्हाला वाटेल तशा लावा. देव हलवा, डबे हलवा, आणि मला फोनवर काही सांगू नका. त्यांनी तसं केलं आहे. त्या घरात मीठ कुठे आहे ते आज मला ठाऊक नाही. खिडकीजवळ गॅसची एक वेगळी शेगडी बसवायला सांगितली आहे. तिच्यावर सोडे शिजतील. मी त्या वेळी हॉलमध्ये बसेन आणि नाकाला पदर लावणार नाही.

तुमच्या तिकडे राहण्याच्या पासचे कागद निशिकांतरावांनी केव्हाच करून ठेवले आहेत. एक जुलैच्या विमानात त्यांनी दोन जागा धरल्या आहेत, एक तुमची, एक माझी. बदलापूरचं मी अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. पण एवढं सांगते की तुम्ही आला नाहीत तर मीही परत जाणार नाही. ही धमकी आहे, आणि ती देताना आर्याची आठवण येऊन माझा जीव कासावीस झाला आहे, हेही लिहून ठेवते.

कळावे. लोभ असो नसो, उत्तर असावे.

आपली,
प्रमोदिनी जोगळेकर


ठाणे
९ जून २००६

प्रमोदिनीताई,
स. न. वि. वि.

बदलापूरला होकार कळवते असं लिहिलं होतं, पण कळवला नव्हता. रवींद्र विचारायचा आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगायचे. आज नकार कळवला.

तुम्हाला वाटलं असेल मी तुम्हाला घाबरते. तसं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना भरल्या घरात सून म्हणून आले. सासू, दोन जावा, विधवा आत्या. प्रत्येकीची जागा ठरलेली, मलाच तेवढी उभं राहायला जागा नव्हती. कुठली वस्तू कुठे आहे हे विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी विचारणं सोडलं आणि कित्येक दिवस अळणी भात खाल्ला. त्या घराची मालकीण व्हायला मला बावीस वर्षं लागली. हे पुन्हा करायचं, तेही अडुसष्टाव्या वर्षी, पोटच्या मुलाच्या घरात पाहुणी होऊन, याची भीती होती. निशीला हे कधी सांगता आलं नाही. कसं सांगणार, त्याला वाटतं आईला भीती वाटतच नाही.

त्या घरात मीठ कुठे आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही, हे वाचलं आणि पत्र हातात धरून रडले. माझ्यासाठी कुणी स्वतःचं घर विसरून आलं नव्हतं. माझी आईही नाही.

मी येते. विमानतळावर रवींद्र सोडेल, तुम्ही पुण्याहून थेट तिथेच या. खिडकीची जागा मला हवी, त्यात तडजोड नाही. भांडणंही होतील, ती धरून चाला. तुमच्या आमटीतल्या गुळाबद्दल मी गप्प बसणार नाही. पुढचं सगळं समोरासमोर.

पोचल्यावर सविता चहा करते म्हणेल. तिला करू देऊ नका, आणि डबे कुठे आहेत तेही विचारू नका. तुम्ही एका बाजूनं शोधा, मी दुसऱ्या बाजूनं शोधते. साखर जिला आधी सापडेल तिनं चहा करायचा.

लोभाचं आता काय लिहायचं, शेजारच्या खाटेवर झोपायचं आहे.

तुमची,
शैला