वानखडे काकांचा ‘घरपडदा’ खुला करताना

११ जाने.
बा जेवताना म्हणाला, "फुकटच वाटून टाकलं, तं त्या मानसाले भेटते काय?" घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. भाकरी चावत बसले.

विषय वानखडे काकांच्या प्रोग्रामचा. दिग्रसला त्यांचं मेडिकल आहे. गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे बसून हौसेनं लिहितात. जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा, की गाणी, फोटो, लग्नाचे व्हिडिओ मोठ्या चित्रांत समोर. नाव ‘घरपडदा’. कॉलेजात असताना मला तसाच देऊन टाकला होता. आज तांड्यातल्या बायका आमच्या घरी जमून स्वतःचीच गाणी टीव्हीवर ऐकतात. काकांचे कितीही आभार मानले तरी कमीच.

१४ जाने.
फजिती. सुमनमावशीच्या नातीचं नाव ठेवायचं होतं, बायका आमच्याकडे. मी लेंगी लावली, आमची नाचायची गाणी. शफल चालूच राहिलं आणि मधेच ढावलो सुरू झाला. सासरी निघालेल्या मुलीचं रडणं, भर बारशात! याडी, म्हणजे माझी आई, चुलीजवळून ओरडली, "अवं छोरी, बंद कर! पाळण्यातल्या पोरीले आत्ताच सासरी धाडतं का?" सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही.

ढावलो लग्नाशिवाय कोणी काढत नाही. मला ठाऊक आहे, प्रोग्रामला कुठून असणार.

नंतर याडीच म्हणाली, "रडायचे गाणे येगळ्या पेटीत ठेव ना. कोनी मांगितलं तरच उघडाव." आईच्या डोक्यात आलं, माझ्या नाही.

१९ जाने.
वा. काकांना सांगितलं. वेगळी पेटी हवी. गाण्याच्या नावाऐवजी गाणारीचा फोटो हवा, वाचता न येणाऱ्या बऱ्याच आहेत. काकांनी चष्मा काढून ठेवला. "पोरी, आता माह्यानं होत नाही. डोळे दुखते. आहे तेवढंच."

मग कोड सगळ्यांसाठी खुला करा, म्हटलं. मी करीन, आणखी कोणी करेल. नाहीतर नव्या कॉम्प्युटरवर हा चालायचाच बंद होईल एक दिवस.

"ते नको." एकदम. मग खोकल्याचं औषध मागायला कोणी आलं, बोलणं तुटलं. बसमध्ये वाटत राहिलं, जास्त बोलले.

२३ जाने.
कारण कळलं! शोभाकाकू, काकांच्या मिसेस, दुपारी दुकानात असतात. त्यांनीच फोडलं. "अवं, त्याच्यात माह्या भावाले शिव्या हायेत!"

काका कोडमध्ये जागोजागी स्वतःसाठी मराठीत टिपणं लिहून ठेवतात. तीच जगानं वाचायची, ही लाज. काका पाठ फिरवून गोळ्यांची पाकिटं लावत होते. तसेच म्हणाले, "घरातलं सगळं काढशीन तं देतो."

पेनड्राइव्ह दिला. इतक्या वर्षांचं काम, असं हातावर ठेवलं.

२७ जाने.
वाचते आहे. ‘साळेबुवांचा टीव्ही साळेबुवांसारखाच. तीनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही. म्हणून हुकूम तीनदा.’ साळेबुवा म्हणजे काकूंचा भाऊ! एकटीच हसले.

पण मग दुसरंच दिसायला लागलं. ‘शोभा म्हणते, आवाज एकदम येतो, धस्स होतं. हळूहळू वाढवला.’ ‘शोभा म्हणते, बंद केलं तिथूनच पुढे लागलं पाहिजे.’ ‘शोभा म्हणते, एवढी बटनं कोणाला हवीत?’ पानोपानी शोभा म्हणते.

आमच्या बायकांना यात जे जे सोपं वाटतं, ते बहुतेक काकूंचं आहे. आणि मी आजवर आभार मानले फक्त काकांचे. आता हेच मला पुसायचं आहे...

२९ जाने.
काकूंना म्हटलं, प्रोग्रामवर तुमचं नाव टाकू?
"माह्यं कायले? मी तं फक्त बोलली. केलं यायनं."
म्हटलं, मी पण बोललेच की फक्त.
"मंग तुह्यंही टाक!" आणि भावाच्या शिव्या राहू दे म्हणाल्या, खऱ्याच आहेत.
काका आतून, "घरातलं काढ म्हटलं ना." बस, तेवढंच.

२ फेब्रु.
पेटी झाली. चार दिवस अडले होते, पण झाली. याडीनं स्वतः उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "हां," म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

४ फेब्रु.
शब्द पाळला. साळेबुवा गेले. ‘हुकूम तीनदा’ तेवढा ठेवला, त्याशिवाय काही टीव्ही खरंच चालत नाहीत. ‘शोभा म्हणते’ एकेक करून पुसलं. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

मग पहिल्याच पानावर लिहिलं: लिहिणारे, भास्कर वानखडे. सुचवणाऱ्या, शोभा वानखडे. त्याखाली, वेगळ्या पेटीसाठी, कमलाबाई राठोड. म्हणजे आमची याडी. काकांना विचारलं नाही. नको म्हणाले असते.

आमची गाणी त्यात ठेवली नाहीत, ती घरीच. बाकी सगळं आज सकाळी खुलं केलं. आता ज्याला हवं तो उतरवून घेईल, बदलेल. काकांना लिंक पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. काय म्हणतात ते समोरच ऐकायला दिग्रसच्या बसला निघते आहे.