इरा बाकावर, देव पाण्यात

१६ मार्च, रविवार

इराच्या फुटबॉल लीगचा सीझन आज सुरू झाला. तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र, इकडे जगाच्या खालच्या टोकाला, पोरिरुआत लेकीच्या घरी, रविवारची जेवणाची वेळ. आमटी गॅसवरच राहिली. मंजिरीने हॉस्पिटलच्या फार्मसीतली रविवारची ड्यूटी बदलून घेतली, जावईबापू निखिलरावांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला, आणि मी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात. जागा ठरली. आता सीझनभर हलायचं नाही.

काय ते स्टेडियम! हिरवे झेंडे, हिरवे कपडे, हिरवे रंगवलेले गाल, आणि एवढी गर्दी कशाला, तर बायकांचा खेळ बघायला. मी सांगलीला खो-खो खेळायचे तेव्हा बघायला आमचे मास्तर, दोन मैत्रिणी आणि कुंपणापलीकडची म्हैस. मला भरूनच आलं. मंजिरी म्हणाली, "आई, अजून मॅच सुरू व्हायचीय."

इरा एकदाच दिसली. बाकावर, अगदी शेवटची. माझी नात. इथल्या शाळेच्या मैदानावर चिखलात लोळून गोलकीपर झालेली पोर, चक्क अमेरिकेच्या टीव्हीवर. खेळली मात्र नाही.

३० मार्च, रविवार

पुन्हा बाकावर. निखिलरावांना विचारलं, हिला आत कधी घेणार? म्हणाले, "आई, बाकीच्या मुलींना बदलतात. गोलकीपरला नाही. पहिलीला काही झालं तरच दुसरी."

पहिली म्हणजे मॅडी. इरापेक्षा चांगली दहाएक वर्षांनी मोठी, उंच, त्या क्लबात कधीपासूनची. इराचा करार एका वर्षाचा. वर्षभर खेळलीच नाही तर पुढच्या वर्षी कोण विचारणार? हे घरात कुणी बोलत नाही. पण आज आमटीत मीठ घालायचं राहिलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

६ एप्रिल, रविवार

उन्हाळा संपला म्हणून इथल्या रिवाजाने घड्याळं एक तास मागे केली. ओव्हनचं करायचं राहिलं, मी ओव्हनचंच बघत बसले. त्यामुळे सगळे येण्याआधी एकटीच टीव्हीसमोर हजर.

इराचा फोन. "आजी, इट्स ऑल गुड. आय ॲम लर्निंग हीप्स." मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, हे आमचं पहिल्यापासूनचं. पण आज आवाज ताप आलेल्या पोराने "मी बरा आहे" म्हणावं तसा.

मला कळतं ते बसणं. खो-खोत पाठीवर थाप पडून "खो" ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. मांड्या भरून येतात, समोरून गडी निसटतो, तरी नाही. पण तिथे खो मिळणार हे तरी ठाऊक असतं.

१४ एप्रिल, सोमवार

देव पाण्यात घातले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती, स्टीलच्या पातेल्यात. मागणं एकच: इराला खेळायला मिळू दे. मिळेपर्यंत बाहेर काढणार नाही.

मंजिरी रात्रपाळीहून आली, देव्हारा रिकामा बघून दचकली. "आई, हे काय?" म्हटलं, तुझ्या बारावीला घातले होते, तेव्हा नाही विचारलंस ते. मग तिनेच पातेल्यावर झाकण ठेवलं, धूळ नको म्हणून.

४ मे, रविवार

बाकावर. निखिलरावांनी पास्ता करायला पातेलं उचललं, झाकण काढलं, आणि आत बघून देवांना इथल्या रीतीने नमस्कार घातला, "किया ओरा, सॉरी!" आणि जागच्या जागी ठेवलं. हसू आवरेना. एवढा उंचपुरा आयटीवाला माणूस, कान लाल.

पाणी रोज बदलते. नळाला बर्फासारखं पाणी येतं. देव सोसतात.

२५ मे, रविवार

आजच लिहायला हवं.

दुसरा हाफ. मॅडी बॉल पकडायला पुढे धावली, उडाली, आणि खाली आली ती एका पायावर. कुणाचा धक्का नाही, काही नाही. गुडघा आत वळला. ओरडलीसुद्धा नाही, नुसती गवत मुठीत धरून पडली.

माझ्या तोंडून निघालं, "इरा!" आणि टाळी वाजली. माझीच. मंजिरीने वळून बघितलं. मी हात शालीखाली घेतले.

मग इरा उठली. केस घट्ट बांधले, ग्लोव्हजचे पट्टे दातांनी ओढले. मॅडीचं स्ट्रेचर बाहेर येत होतं, ही आत जात होती. मॅडीने पडल्या पडल्या हात बाहेर काढला आणि इराच्या पाठीत थाप मारली. तिला कुठला आमचा खो माहीत! पण मी बघितला. तो खोच होता.

आणि त्यानंतरचं कसं लिहू? बॉल वरच्या कोपऱ्यात निघाला होता. मी डोळे मिटायच्या आत इरा तिथे होती, आडवी, हवेत, बोटांच्या टोकांनी. सगळं स्टेडियम उभं राहिलं. निखिलराव उभे राहिले. मी माझी जागा सोडली. ही तीच का, जिला जिना उतरताना मी अजून "बघून गं" म्हणते?

बरोबरी झाली. मंजिरी रडत होती, हसत होती.

देव बाहेर काढायला गेले. हात पुढे होईना. मागितलं तेच मिळालं होतं, अगदी तसंच.

२६ मे, सोमवार

देव काढले, पुसले, देव्हाऱ्यात ठेवले. बाळकृष्णाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

मंजिरीला सांगितलं. ती चहा ओतत होती. "आई, देव पाण्यात घातल्याने कुणाचे गुडघे मोडत नाहीत."

म्हटलं, मग इरा खेळली ती कशाने?

तिने चहा माझ्यापुढे ठेवला.

८ जून, रविवार

मॅडीच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन. या वर्षी खेळणं नाही.

इरा फोनवर सांगत होती: मॅडी कुबड्या घेऊन प्रॅक्टिसला येते. इराच्या गोलच्या मागे उभी राहते आणि सगळा वेळ तिला सांगत राहते. डावीकडे सरक, लवकर पडू नकोस, हात वर. "एव्हरी सिंगल डे, आजी." ज्या मुलीने आपली जागा घेतली तिला! मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. माणसं एवढी मोठी असतात?

२२ जून, रविवार

जिंकल्या! इराने तीन वेळा वाचवलं. एकदा समोरची एकटी धावत आली, इरा हात पसरून उभी राहिली, आणि त्या मुलीलाच कळेना बॉल कुठून मारावा. लोक इराचं नाव ओरडत होते. "आय-रा, आय-रा." इरा म्हणता येत नाही मेल्यांना. पण काय गोड वाटलं.

कॅमेरा बाकाकडे गेला. मॅडी कुबडी वर करून ओरडत होती. माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच.

मॅच संपल्यावर मंजिरीने इराचा जुना फोटो शोधून काढला. इरा सात वर्षांची, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात संत्र्याची फोड. इथे हाफटाइमला आया संत्री कापून नेतात. त्या वर्षी मी आले होते, ती संत्री मी कापली होती. आणि पोरं बिया थुंकतात म्हणून एकेक बी काढून दिली होती. बाकीच्या आया बघत होत्या.

१३ जुलै, रविवार

व्हिडिओ कॉल. इराने फोन फिरवला, तर शेजारी मॅडी! पाय खुर्चीवर, त्यावर बर्फाची पिशवी. "हाय आजी!" मला आजीच म्हणते. केवढी हसरी आहे ती.

मी म्हटलं, "नी गुड?" ती म्हणाली, "गेटिंग देअर, आजी."

सांगायचं होतं सगळं. पाठ केलं होतं दोन दिवस. "आय प्रे. गॉड इन वॉटर," एवढं म्हणाले. पुढचं इंग्रजी आलं नाही. खरं तर धाडस आलं नाही. तिने छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी. "थँक यू, आजी. कीप गोइंग, प्लीज."

तिला वाटलं, तिच्यासाठी.

संध्याकाळी पातेलं घासलं, पाणी भरलं, देव पुन्हा पाण्यात घातले. मॅडी पुन्हा गोलमध्ये उभी राहीपर्यंत. मंजिरी शेजारी येऊन उभी राहिली. "आई, ती बरी झाली की इरा परत बाकावर. कळतंय ना?"

म्हटलं, मला फुटबॉल कळत नाही असं समजू नकोस.

"मग?"

मग काय! मॅडीने छातीवर हात ठेवून मागितलंय. नाही कसं म्हणू?

१७ ऑगस्ट, रविवार

हरल्या. इराच्या पायांमधून गोल गेला. वाऱ्याने अंगणातली मेथी उपटून शेजारी टाकली. जेवले नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

इराला फोन केला. वाटलं रडत असेल. तर म्हणे मॅडीने रात्री घरी बोलावलं, स्वतःचे जुने वाईट गोल एकेक करून दाखवले आणि दोघी पोट धरधरून हसल्या. बरं झालं. आज दोन वेळा जेवले.

१४ सप्टेंबर, रविवार

मॅडीने कुबड्या सोडल्या कधीच, पण आज इराने व्हिडिओ पाठवला: मॅडी सायकलवर पाय मारतेय, घामाघूम, शिव्या देतेय. मी पुन्हा पुन्हा बघितला. खरं लिहायचं तर, मनात एकदा आलंच: इतकी लवकर? मग पाणी बदलायला उठले.

डेअरीत दूध आणायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "योर ग्रँडडॉटर! सेव्ह ऑफ द वीक!" दूध तिथेच विसरून घरी आले.

२ नोव्हेंबर, रविवार

लीगची शेवटची मॅच. जिंकलं तर पुढच्या फेरीत, नाहीतर सीझन संपला.

शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. सगळं स्टेडियम चिडीचूप. इरा रेषेवर, आणि समोर ती मारणारी, देशाकडून खेळलेली. इराने बाकाकडे बघितलं. मॅडीने काही खूण केली नाही, नुसती दोन्ही हात बांधून उभी राहिली, म्हणजे तुझं तू बघ. इरा उजवीकडे झेपावली. अडवला! अडवला! मी देव्हाऱ्याकडे नाही, पातेल्याकडे नाही, कुठेच बघितलं नव्हतं. तो तिचा तिने अडवला.

तरी बरोबरीच झाली. सीझन संपला. हिरव्या झेंड्यांतले लोक घरी जाईनात, उभे राहून टाळ्या वाजवत होते. मॅडी मैदानात आली, जरा लंगडत. दोघी मिठी मारून उभ्या राहिल्या. आमच्या घरात कुणी टीव्ही बंद करेना.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मॅच नाही. दुपार रिकामी. तरी तिघेही येऊन सोफ्यावर बसलो.

इराचा फोन. क्लबने अजून काही सांगितलं नाही. मॅडीचा करार पुढच्या वर्षाचा आहेच. इराचं "लेट यू नो सून." मॅडी गवतावर धावायला लागली, हळूहळू, सरळ रेषेत.

मग म्हणाली, "आजी, मॉम सेज द गॉड्स आर इन द वॉटर. फॉर मी?"

मंजिरी खिडकीबाहेर बघायला लागली. म्हटलं, नाही गं. मॅडीसाठी. आणि मग सगळंच सांगून टाकलं: एप्रिलचं, टाळीचं, सगळं. मराठीत. शेवटी मी म्हणाले, तू सांग. तू म्हणशील तर आत्ता काढते.

पलीकडून ठाम आवाज आला.

"नो. लीव्ह देम इन, आजी. आय वॉना टेक हर स्पॉट व्हेन शीज गॉट बोथ नीज."

दोन्ही गुडघे धड असलेल्या मॅडीकडून जागा घ्यायची आहे म्हणे. कुठून शिकली ही? मी नाही शिकवलं.

संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला, घर गार पडलं. पाणी बदललं. आज देवांना जरा कोमट घेतलं.