जॅमचं खोकं

प्रिय लोर्नाताई,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. "दारूखात्याचा माणूस आला होता," म्हणालीस. "विचारत होता, जॅम आडवा कशाला ठेवायचा?"

चूक माझीच. परराज्यातून घरपोच वाइन मागवायला तुमच्याकडे बंदी, म्हणून खोक्यावर 'द्राक्षाचा जॅम' लिहिलं. आणि तीस वर्षांच्या सवयीने त्याखाली लिहून गेले, 'आडवं ठेवा.' बाटलीचं बूच कोरडं पडू नये म्हणून प्रत्येक खोक्यावर लिहिते, तसंच.

ही बंदी उठावी म्हणून सेनेका तळ्याकाठच्या आम्ही पाच द्राक्षमळेवाल्यांनी दावा लावलाय. सोमवारी सुनावणी आहे. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "निकालाआधी एक बाटली जरी चोरून गेली, तर पाचही जण बुडालात म्हणून समजा." मी मान डोलावली होती. पण भाऊजींना आता घास गिळवत नाही, आणि माझ्या मळ्यात स्वतः लावलेल्या वेलींची वाइन एकदा चाखायची म्हणतात, हे तू सांगितलंस आणि मला राहवलं नाही.

आमच्या पाचांतला एमिल सकाळी कुंपणापाशी हसत म्हणाला, "जिंकलो की पहिली पेटी तुझ्या बहिणीला." मी वाकून वेल बांधत राहिले.

त्या माणसाने खोकं नेलं, एवढंच तू बोललीस. त्याआधी भाऊजींना एक घोट तरी मिळाला का, हे फोनवर विचारायचीही भीती वाटते.

हे पत्र मी टाकणार नाही. खाली नावही लिहीत नाही. पण कुणाच्या हाती लागलंच, तर त्याने काय होणार? अक्षर खोक्यावरचंच आहे.

तुझी धाकटी